हत्तीरोगाचे औषध मिठात: सुरक्षिततेच्या वादाची पार्श्वभूमी

हत्तीरोग हा जंतांमुळे होणारा रोग. त्यावरचे औषध मिठातून दिले तर मात्रा नगण्य असते, म्हणून ते सुरक्षित आहे, असा दावा केला जातो. मिठातून औषध देण्याची कल्पना मुळात जंतांसाठी निघाली नव्हती. १९५० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिवतापावर क्लोरोक्विनचे मीठ वापरले गेले. हत्तीरोगावरचे डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) हे औषध १९४७ पासून हाताशी होतेच. ते मिठातून दिले तरी रक्तातले मायक्रोफायलेरिया, म्हणजे या जंतांची सूक्ष्म पिल्ले, घटतात, हे १९६७ मध्ये ब्राझीलच्याच प्रयोगाने दाखवले. शिजवताना डीईसी टिकते आणि मिठाची चवही बदलत नाही.

सुरक्षिततेचा दावा उभा राहिला तो गोळ्यांच्या तुलनेत. गोळ्या घेतल्यावर ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते, ती बहुतांशी एकदम मेलेल्या मायक्रोफायलेरियांमुळे. मिठातले औषध त्यांना सावकाश मारते, म्हणून बहुतेकांना काही जाणवत नाही.

खरा गुंता आहे तो 'टक्का' या शब्दात. मिठात औषध ०.२ टक्के, म्हणजे नेमके कशाचे? मिठात मिसळतात ते डीईसी सायट्रेट. त्याच्या वजनात मूळ औषध जेमतेम निम्मे असते. एका अहवालातला टक्का सायट्रेटचा आणि दुसऱ्यातला मूळ औषधाचा असेल, तर मात्रेत दुपटीचा फरक पडतो. सायट्रेटचाच हिशेब धरू: दिवसाला १० ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात २० मिलिग्रॅम जाते. किलोमागे ६ मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलोच्या माणसाची एकवेळची मात्रा ३६० मिलिग्रॅम होते. त्यापुढे २० किरकोळ वाटतात, पण दहा महिन्यांत त्यांचे ६ ग्रॅम होतात आणि बारा दिवसांच्या पूर्ण उपचारात जाते त्याहून ते जास्त भरतात. 'नगण्य मात्रा' हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. रोजची मात्रा कमी असते, एकूण नव्हे.

मीठ माणूस पाहून थांबत नाही. गोळ्या वाटताना गरोदर बाई, दोन वर्षांखालचे मूल, गंभीर आजारी माणूस यांना वगळता येते. एकाच पातेल्यातल्या भाजीतून कुणाला वगळणार? शिवाय जिथे नदीकाठचे अंधत्व किंवा लोआ लोआ हे जंतरोगही आहेत, तिथे डीईसी धोक्याचे आहे. पहिल्यात डोळ्यांना इजा होऊ शकते, दुसऱ्यात मेंदूला सूज येऊ शकते. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मिठाचा विचार मागे पडतो तो यामुळे.

जिथे हे दोन रोग नव्हते, तिथे मिठाने काम केले. लक्षद्वीप, कारैकल, तैवानची किनमेन बेटे यांचा अनुभव आहेच, पण सर्वांत मोठी मोहीम चीनची. तिथे गोळ्यांच्या जोडीला मीठही मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि २००७ मध्ये हत्तीरोग निर्मूलनाला मान्यता मिळाली. गयानाने २००३ मध्ये आयोडीन आणि डीईसी दोन्ही असलेले मीठ दुकानांत आणले. साधे मीठ शेजारीच विकायला असल्याने निवड लोकांच्या हाती राहिली, मात्र हे मीठ सर्वांच्या स्वयंपाकघरात पोहोचले नाही. सक्ती केली असती तर संमतीचा प्रश्न आणखी टोकदार झाला असता. २००० नंतर वर्षातून एकदा गोळ्या देण्याच्या मोहिमा जगभर सुरू झाल्या आणि मीठ दुय्यम ठरले.