२३० व्होल्टचा आकडा आणि तरंगाचा आकार

ट्रकमध्ये इन्व्हर्टर बसवणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की, त्यावर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ असे छापलेले असले म्हणजे त्यातून मिळणारी वीज भिंतीवरच्या सॉकेटमधल्या विजेसारखीच असणार. एका स्वस्त इन्व्हर्टरला मी साधा मल्टिमीटर लावला, तेव्हा पडद्यावर १८० व्होल्टच्या आसपासचा आकडा आला. ‘ट्रू आरएमएस’ प्रकारचा, म्हणजे तरंगाचा आकार कोणताही असला तरी उष्णतेच्या हिशेबाने खरा दाब (व्होल्टेज) मोजणारा मीटर लावल्यावर तोच दाब २३० निघाला. दोन्ही मीटर धडधाकट होते. खरी गोम तरंगाच्या आकारात होती.

सॉकेटमधला दाब सावकाश चढत ३२५ व्होल्टच्या शिखरावर पोहोचतो, तसाच उतरतो आणि शून्य ओलांडून उलट दिशेला तेवढाच जातो; या गुळगुळीत आकारालाच साइन तरंग म्हणतात. बाजारात ज्याला ‘मॉडिफाइड साइन वेव्ह’ म्हणतात, त्या इन्व्हर्टरमध्ये मात्र तो शून्यावरून एकदम ३२५ वर उडी घेतो, थोडा वेळ तिथेच थांबतो, एकदम शून्यावर येतो आणि मग उणे ३२५ वर जातो. दाब निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ शून्य राहिला, तर उष्णतेच्या हिशेबाने तो बरोबर २३० भरतो. साधा मीटर केवळ सरासरी (येथे १६२.५ व्होल्ट) मोजतो आणि तरंग साइनच आहे असे धरून तिला १.११ ने गुणतो; म्हणून १८०. नावात ‘साइन’ असले, तरी हा मुळात पायऱ्यांचा तरंग आहे.

या पायऱ्यांच्या कडा नाजूक उपकरणांना जाचतात, कारण कपॅसिटरमधला (विद्युतभार साठवणाऱ्या भागातला) प्रवाह दाब किती आहे यावर नव्हे, तर दाब किती वेगाने बदलतो यावर ठरतो. साइन तरंगात हा वेग जास्तीत जास्त दर मिलिसेकंदाला सुमारे १०० व्होल्ट असतो. तीच ३२५ व्होल्टची उडी १० मायक्रोसेकंदांत झाली असे धरले, तर वेग तीनशेपटींहून अधिक होतो. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून साइन तरंगावर फार तर ०.१ अँपिअर वाहतो. कडेवर गणिताने ३२ अँपिअर येतात. प्रत्यक्षात जोडीचा रोधक हा लोंढा आवरतो, पण आवरता आवरता स्वतः तापतो, आणि हे सेकंदाला २०० वेळा घडते. ट्रान्सफॉर्मर न वापरता केवळ कपॅसिटरने दाब उतरवणारे स्वस्त एलईडी दिवे, टायमर आणि छोटे चार्जर अशा विजेवर जळून निकामी होतात, ते यामुळेच.

कोणताही आवर्ती तरंग साध्या साइन तरंगांत फोडून दाखवणाऱ्या फूरियेच्या गणिताने पाहिले, तर याच तरंगात ५० हर्ट्झच्या मूळ घटकासोबत त्याच्या एक तृतीयांश उंचीचा १५० हर्ट्झचा, एक पंचमांश उंचीचा २५० हर्ट्झचा आणि पुढचेही घटक दडलेले असतात. ध्वनियंत्रणेतली घरघर आणि ट्रान्सफॉर्मरचे अकारण तापणे ही त्यांचीच करणी. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर बहुधा निभावून नेतो, कारण तो आलेला दाब आधी एकदिश (डीसी) करून साठवतो. ‘प्युअर साइन’ इन्व्हर्टर हा प्रश्न मुळातच सोडवतो. त्यातले मोसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, स्पंदांची रुंदी कमीजास्त करतात, आणि वेटोळे व कपॅसिटर मिळून त्यांतून गुळगुळीत तरंग गाळून घेतात.

खोक्यावर ठळक छापलेला ‘पीक’ वॅटचा आकडा क्षणभरापुरताच खरा असतो, हेही विक्रेत्यांनी स्पष्ट सांगायला हवे. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ३०० वॅट घ्यायचे, तर ९० टक्के कार्यक्षमता धरूनही सुमारे २८ अँपिअर लागतात, आणि लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो. अशा भारासाठी बॅटरीपासून जाड तार आणि बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज हवा. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब एकाएकी खाली येतो, म्हणून उपकरण त्यानंतरच जोडावे. आणि ज्या उपकरणाला आत १९ किंवा २० व्होल्टची एकदिश वीजच लागते, त्याच्यासाठी १२ व्होल्टचे आधी ३२५ करून पुन्हा २० वर उतरवण्यापेक्षा एका एकदिश दाबातून थेट दुसरा एकदिश दाब देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर वापरावा. त्या वाटेवर या पायऱ्या लागतच नाहीत.