आरोग्यसंस्थेचे नेतृत्व (बडोदे)

नफ्यासाठी न चालणारी, परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असलेली सार्वजनिक आरोग्यसंस्था चालवण्याचे काम. कागदोपत्री पद कार्यकारी विश्वस्त, संचालक किंवा चिटणीस असते. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र ‘संस्था कोण बघतं?’ एवढेच विचारतात, आणि ‘बघणे’ या क्रियापदात सगळे येते.

इथे आरोग्य ही आधी दरबाराची बाब होती. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात आजव्याचा तलाव झाला आणि १८९२ मध्ये शहराला त्याचे पाणी मिळाले. संस्थान गेले, आता संस्था बघणाऱ्याला तिजोरी स्वतः शोधावी लागते.

तिजोरी परदेशात सापडली, तर परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. बोलताना सगळे ‘एफसीआरए’च म्हणतात. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो, दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरचा पगार या मर्यादेत मोजत नाहीत. हिशेब लिहिणाऱ्याचा मोजतात. ऑडिट अडते ते नेमके त्याच्यावाचून. छोटाउदेपूरकडच्या जीपवाल्याने वहीच्या फाडलेल्या पानावर गुजरातीत लिहून दिलेली भाड्याची पावती दात्याच्या इंग्रजी तक्त्यात बसवायची ती त्यानेच. मार्चअखेर असे पान हरवले, तर संचालकही फायली उपसायला बसतो.

अशा कामाला ‘जागतिक आरोग्य’ म्हणतात; त्यातल्या ‘जागतिक’ शब्दाने दबून जायचे कारण नाही. पैसा वरून येतो, पण अक्कल पुष्कळदा खालून वर गेली आहे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आताच्या जाहीरनाम्यामागे असे अनुभव होते. बडोद्याला जवळचे उदाहरण झगडियाच्या सेवा रूरलचे. संस्था १९८० ची. १९८५ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेचा सासाकावा पुरस्कार मिळाला.

एकाच दात्यावर विसंबणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचे काम बंद झाले. चालू प्रकल्पांतल्या माणसांचे पगार मध्येच अडकले.

संस्थापकाने खुर्ची सोडणे हा प्रश्न त्याहून जुना, आणि त्यावर दाते क्वचितच बोलतात. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत बँक बहुधा जुन्याच सह्या मागते, म्हणून निरोपसमारंभ झालेले काका चेकबुकावर सही करायला पुन्हा ऑफिसात येतात, आणि आल्यासारखे सल्लाही देऊन जातात.