घनाची घडणी एकच नसते

पुठ्ठ्याचा घन उलगडून सपाट केला की जो आकार मिळतो, ती त्याची घडणी. ती अधिकच्या चिन्हासारखीच असते, म्हणजे चार चौरस उभे आणि दोन बाजूंना दोन, असं वर्षानुवर्षं पक्कं डोक्यात बसलेलं असतं. मग मुलांनी वेगळी घडणी काढली, की ती न दुमडताच चूक ठरते. याचं फार वाईट वाटतं.

घनाच्या 12 कडांपैकी 7 कापल्या आणि 5 जोडलेल्या ठेवल्या, की तो सपाट होतो. कोणत्या 7 कापायच्या, यावर आकार ठरतो. फिरवून किंवा उलटून सारखे दिसणारे आकार एकच धरले, तर घडणी 11 होतात. त्यांतल्या 6 मध्येच चार चौरसांची सलग पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक चौरस असतो. बाकीच्या 5 मध्ये चारची पट्टीच नाही! तीन-तीन चौरसांच्या दोन सरकवलेल्या रांगांचाही नीट घन होतो.

पण कोणतेही सहा चौरस जोडून चालत नाही. तसे आकार एकूण 35 आहेत. चार चौरस दोनावर दोन असे एकाच बिंदूपाशी चिकटलेले असतील, तर घन होणारच नाही, कारण घनाच्या शिरोबिंदूपाशी तीनच पृष्ठं भेटतात. सलग पाच असतील, तर पाचवा पहिल्यावर बसतो.

समोरासमोरची पृष्ठं ओळखायची असतील, तर सरळ रांगेत एक चौरस सोडून पुढचा पाहा. शंका आलीच, तर चौकटीच्या वहीचं पान कापून दुमडून बघा.