माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे

2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. कुठे लावायची, यावर मात्र फारसं बोललं गेलं नाही. मोकळा माळ दिसला की खड्डे खणायचे, कारण पुणे-सोलापूरकडची माळरानं म्हणजे तोडलेल्या जंगलांचे अवशेष, हा समज पक्का. ब्रिटिश महसूल खात्याने अशा जमिनीला पडीक म्हटलं आणि सरकारी नकाशांत झुडपी रानं आजही पडीकच आहेत.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी हा समज तपासायला जुनं मराठी साहित्य काढलं. तेराव्या शतकापासूनच्या कथा-काव्यांतले 28 उतारे त्यांनी घेतले, तेही ठरावीक गावांशी, नद्या-डोंगरांशी जोडलेले. हे फार महत्त्वाचं, कारण पाठ असलेली ठोकळेबाज वनवर्णनं कुठल्याही कवीला सुचतात. त्यांत 44 रानवनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या 27 खास माळरानाच्या निघाल्या.

पण ओवीत आलेल्या झुडपावरून सातशे वर्षांपूर्वीचं रान कसं ओळखायचं? उन्हावरून. तरवड, हिवर यांना दाट सावली मानवत नाही. ते जिथे फोफावतात, तिथे डोक्यावर पानांचं छत नसतं. कुसळी, मारवेल ही गवतं तर आणखी पक्की साक्षीदार. त्यांचं प्रकाशसंश्लेषण ‘सी-4’ पद्धतीचं. पानातल्या बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. तिथे तो इतका दाटतो की साखर बनवणारं रुबिस्को हे विकर चुकून ऑक्सिजन फारसा पकडत नाही. या वाहतुकीला जादा ऊर्जा लागते. रणरणत्या उन्हात ती परवडते, सावलीत नाही. शिवाय या गवतांचे कोंब जमिनीलगत असतात, त्यामुळे मेंढरं चरली किंवा वणवा लागला तरी बुडखा पुन्हा फुटतो. झाडाचं कोवळं रोप तेवढ्यात मरतं. चराई आणि आग यांनीही माळ मोकळा राहतो.

म्हणून ‘झाड लावलं की निसर्ग वाचला’ ही श्रद्धा मला घातक वाटते. माळावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाची दाट लागवड केली की सावली धरते, खालचं गवत विरळ होतं, धाविक पक्षी आणि चिंकारा यांची मोकळी जागा आक्रसते. रोपं जगवायला कुंपण घातलं की धनगराला आपली मेंढरं घेऊन दुसरं रान शोधावं लागतं.