फिरती बालकुमार व्हिडिओ गेम स्पर्धा व प्रदर्शन

तीच यंत्रे, तोच गेम आणि तेच नियम घेऊन शहरोशहरी किंवा एकाच महानगराच्या उपनगरांतून फिरणारी मुलांची स्पर्धा. तिच्या जोडीला हाताळून पाहता येणारे गेमचे प्रदर्शन असते. प्रत्येक मुक्कामी एक-दोन दिवस प्राथमिक फेरी होते आणि तिथले विजेते शेवटच्या मुक्कामी अंतिम फेरीत एकत्र येतात. ऑनलाइन स्पर्धेत खेळाडूचा मोबाइल किती महागाचा आणि घरचे नेट किती वेगवान यावर निकाल हलतो. इथे परळच्या चाळीतल्या मुलाला आणि पवईच्या टॉवरमधल्या मुलीला एकाच कंट्रोलरवर, एकाच पडद्यासमोर, तेवढीच मिनिटे मिळतात. ही समानता टिकवण्यातच आयोजकांची बहुतेक मेहनत खर्च होते, आणि ती व्हायलाच हवी.

इतिहास : १९८० मध्ये अटारी कंपनीने अमेरिकेत ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची स्पर्धा अनेक शहरांत घेतली. न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत रेबेका हाइनमन विजयी झाली. पुढच्या फिरत्या स्पर्धांना नमुना ठरली ती निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीची १९९० ची जागतिक स्पर्धा. मार्चमध्ये डॅलसहून निघून ती २९ शहरांत फिरली आणि डिसेंबरमध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत संपली. ११ वर्षांपर्यंत, १२ ते १७ आणि १८ च्या पुढे असे तीन गट होते. खास बनवलेल्या कॅसेटवर ६ मिनिटे २१ सेकंदांत सलग तीन कामे करायची होती : ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ५० नाणी गोळा करणे, ‘रॅड रेसर’चा ठरावीक रस्ता पार करणे आणि उरलेल्या वेळात ‘टेट्रिस’, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचून पूर्ण झालेल्या ओळी उडवणे. मारिओचे गुण तसेच धरत, रेसरचे १० पट आणि टेट्रिसचे २५ पट.

या पटींचा परिणाम समजून घेतल्याशिवाय कोणीही नवी स्पर्धा आखू नये. टेट्रिसमध्ये सुरुवातीच्या पातळीवर एकदम चार ओळी उडवल्या की १,२०० गुण मिळतात. त्यांची २५ पट म्हणजे ३०,०००. मारिओच्या एका नाण्याला २०० गुण, म्हणजे चार ओळींची ती एक चाल १५० नाण्यांइतकी पडते. साहजिकच पहिले दोन भाग लवकरात लवकर उरकून टेट्रिसला वेळ राखणारे पुढे गेले. आपली गुणपद्धत जाहीर करण्यापूर्वी ती वेगवेगळ्या वयाच्या आणि तयारीच्या मुलांकडून खेळवून घ्यावी. वरच्या दहा मुलांचे गुण सारखेच येत असतील तर गेम सोपा पडला आहे. निम्मी मुले पहिल्याच मिनिटात बाद होत असतील तर डावाचा शेवट ठरावीक मिनिटांनी करावा, गेममधले जीव (लाइफ) संपण्यावर तो बांधू नये.

स्वरूप : प्राथमिक फेरी ठरावीक वेळेत गुण मिळवण्याचीच हवी. समोरासमोरच्या बाद फेरीत बोरिवलीचा विजेता आणि चेंबूरचा विजेता यांची तुलना होत नाही, आणि तास-दीड तास प्रवास करून आलेले मूल पहिल्याच सामन्यात हरून परत जाते. गुणांच्या पद्धतीत रांगेत पुन्हा उभे राहून दुसरा डाव खेळता येतो. जोडीच्या लढती उपांत्य फेरीपासून पुढे घ्याव्यात. १० वर्षांपर्यंत, ११ ते १४ आणि १५ ते १७ हे गट सोयीचे पडतात. वयाचा पुरावा म्हणून शाळेचे ओळखपत्र फक्त पाहावे, झेरॉक्स घेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. त्यामुळे जितकी कमी माहिती घ्याल तितके बरे.

१२ टेबले, ६ मिनिटांचा डाव आणि खेळाडू बदलायला ४ मिनिटे धरली तर तासाला ७२ डाव होतात. सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात कागदावर ५०४ बसतात. नोंदणी मात्र ४०० डावांचीच घ्यावी, कारण खोळंबा होतोच. मुंबईत रविवारी लोकलच्या मध्य व हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक असतो, म्हणून वेळ चुकलेल्या मुलांसाठी शेवटचा एक तास राखीव ठेवावा आणि हे नोंदणीच्या वेळीच सांगावे.

टेबलाची मांडणी : सगळे टीव्ही एकाच मॉडेलचे हवेत. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी प्रक्रिया करतो, त्यात बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांत काही फ्रेमचे (पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांचे) अंतर पडते. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. पाच-सहा फ्रेम उशीर झाला तर सराईत मुलाची उडीही चुकते आणि दोष त्याच्या हाताला लागतो. म्हणून प्रत्येक टीव्हीवर ही प्रक्रिया कमी करणारा ‘गेम मोड’ सुरू आहे हे रोज सकाळी तपासावे, कारण दुकानाच्या प्रात्यक्षिक सेटिंगवर राहिलेला टीव्ही तो स्वतःहून बंद करू शकतो. कंट्रोलर वायरचे असावेत. शेकडो मोबाइल असलेल्या सभागृहात २.४ गिगाहर्ट्झची लहर गजबजते आणि बिनवायरच्या कंट्रोलरचा संपर्क मध्येच तुटतो. दर चार कंट्रोलरमागे एक जादा ठेवावा. ज्याची दिशा देणारी काडी (स्टिक) हात न लावताच सरकल्यासारखी वागू लागेल तो कंट्रोलर बाजूला काढावा. सगळ्या कन्सोलवर (गेम चालवणाऱ्या यंत्रांवर) गेमची एकच आवृत्ती बसवून नेट बंद करावे, नाहीतर रात्रीतून दोन यंत्रे अपडेट होतात आणि दुसऱ्या दिवशी दोन निरनिराळे गेम खेळले जातात.

वीज : ४३ इंची टीव्हीला सुमारे १०० वॉट आणि मोठ्या कन्सोलला २०० वॉट धरले तर १२ टेबलांना ३,६०० वॉट लागतात. २३० व्होल्टची १६ अँपिअरची लाइन जेमतेम ३,६८० वॉट देते. हिशेब जुळतो म्हणून सगळे एकाच लाइनवर टाकले की एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच) पडू शकते. चार-चार टेबलांच्या तीन लाइन कराव्यात आणि साउंड, लाइट, एसी यांची लाइन वेगळी ठेवावी. अर्थिंग वायरमनकडून मीटरने मोजून घ्यावे. ते नसेल तर धातूच्या कडेला हात लावताच झिणझिण्या येतात आणि जोडणी करताना एचडीएमआयचे पोर्ट जळतात. यूपीएस लावायचा तर कन्सोल आणि टीव्ही दोघांनाही लावावा. डाव मध्येच तुटला तर तो पूर्ण पुन्हा द्यावा. अर्ध्यावरचे गुण पुढे जोडू नयेत.

मुंबईची हवा दमट आहे. एसी सभागृहातून गार झालेले कन्सोल थेट टेम्पोत चढवले की त्यांच्या आत दव धरते. म्हणून सामान एसीतच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, सिलिका जेलसह बंद करावे आणि पुढच्या मुक्कामी तासभर तसेच ठेवून मग उघडावे. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंधने असल्याने माल रात्री हलवणे सोयीचे असते. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, जून ते सप्टेंबर पावसाचे आणि गणपतीचे. उरतात उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी. मे महिन्यात लग्नसराईमुळे मंगल कार्यालये मिळत नाहीत, तेव्हा शाळांची सभागृहे आधीच धरावीत.

प्रदर्शन : रांगेतल्या मुलांसाठी आणि सोबतच्या पालकांसाठी ते असते, पण ते उरकून टाकू नये. नव्वदच्या दशकात भारतात घरोघरी आलेली आठ बिटी गेमची यंत्रे चालू स्थितीत मांडली की आई-बाबा स्वतःहून कंट्रोलर हातात घेतात, आणि घरी ‘बस झालं आता’ म्हणणारी माणसे मुलाशेजारी बसतात. त्यासाठी जुना काचेच्या नळीचा टीव्ही लागतो. ‘डक हंट’ या नेमबाजीच्या गेमची बंदूक नळीवर उमटणारा प्रकाश नेमक्या क्षणी टिपते, एलसीडी पडद्यावर ती चालत नाही. गेमच्या कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर फुंकर मारू देऊ नये. ओलाव्याने पट्ट्या गंजतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. १६ किंवा १८ वर्षांवरचा शिक्का असलेले गेम या आवारात आणूच नयेत. लखलखणाऱ्या दृश्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकतो, ही सूचना मराठीत आणि नोंदणीच्या टेबलावरच लावावी.

कायदा : डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडेला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक खेळाला) बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ई-क्रीडा मात्र त्यापासून वेगळी ठेवली. तिच्यात प्रवेश किंवा व्यवस्थापनखर्चापुरते शुल्क आणि कामगिरीवर बक्षीस चालते, पैज चालत नाही. मुलांच्या स्पर्धेत प्रवेश मोफत ठेवणे आणि बक्षिसाची रक्कम प्रायोजकांकडून घेणे सर्वांत स्वच्छ. गेमच्या कंपनीची लेखी परवानगी वेगळी लागते. काही कंपन्या स्पर्धकांच्या संख्येवर आणि शुल्कावर मर्यादा घालतात.

अंतिम फेरी : मुलुंडचे कालिदास किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन अशा नाट्यगृहांत उतरती आसने असतात, त्यामुळे टेबले फक्त रंगमंचावर लागतात. अंतिम लढतीला तेवढे पुरते. प्रोजेक्टरवरचे चित्र खेळाडूच्या पडद्यापेक्षा मागे असते, म्हणून मुलांची पाठ मोठ्या पडद्याकडे ठेवावी. समालोचन मराठीत असले की आजी-आजोबांनाही डाव कळतो. समालोचकाचा आवाज खेळाडूंच्या कानी पडू नये यासाठी त्यांना कान झाकणारे हेडफोन द्यावेत. लढतीच्या दोन पंचांनी गुणांचा फोटो काढून, यंत्राच्या क्रमांकासह गुणपत्रकावर सही केल्याशिवाय कन्सोल बंद करू नये. हरकत घ्यायची ती त्याआधीच.