पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात: मराठवाड्यातल्या शिक्षणकर्जाची पार्श्वभूमी

जूनमध्ये आडतीवर, म्हणजे शेतमालाच्या दलालाच्या दुकानात, येऊन बसलेल्या बापाच्या खिशात बहुतेक वेळा दोन कागद असतात. एकावर बियाणं आणि खताचा हिशेब, दुसऱ्यावर पोराच्या कॉलेजची फी. सोयाबीन हाती यायला ऑक्टोबर उजाडतो, कापसाचा पैसा दिसतो तो दिवाळीच्या पुढे. दोन्ही कागदांना पैसा मात्र आत्ताच लागतो. मराठवाड्यात शिकण्यासाठी कर्ज काढणं जुनंच आहे, फक्त त्याला शिक्षणकर्ज कुणी म्हटलं नाही. कुणी आडतीवरून उचल घेतली, कुणी पीककर्जातून फी भरली, कुणी आईची पोत सराफाकडे ठेवली. पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या थकबाकीत बियाणं किती आणि इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष किती, हे कुठल्याच दप्तरात वेगळं निघत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला अडचण फीपेक्षा अंतराची होती. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, हैदराबादेत आणि उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकायचं तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा स्वामी रामानंद तीर्थांनी सांभाळलेली अंबाजोगाईची शाळा, अशी मोजकी ठिकाणं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि चित्र बदललं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद झालं. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. पुढे सरकारी शिष्यवृत्ती, यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांना मिळणारी फीची सवलत आणि वसतिगृहातली एक खोली एवढ्यावर गरिबाचं पोर पदवीपर्यंत जाऊ शकत होतं.

बाकीचा भार एसटी वाहायची. सकाळच्या पहिल्या गाडीच्या टपावर किंवा ड्रायव्हरच्या मागे फडक्यात बांधलेले डबे असत. गाठीखाली चिठ्ठी, त्यावर पोराचं नाव. आत ज्वारीच्या भाकरी, वरण, ठेचा. लातूरच्या स्टँडवर पोरं गाडीची वाट बघत उभी राहत आणि आपलं फडकं लांबूनच ओळखत. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं गावी परत. ज्वारी रानातली, थापणारे हात आईचे. हा खर्च कुठल्याही वहीत चढला नाही, म्हणून घराला तो कर्जासारखा टोचलाही नाही. मराठवाड्याच्या दोन पिढ्या या डब्यावर शिकल्या, असं मी ठामपणे म्हणेन.

शिक्षण रोखीचं झालं ते १९८३ पासून. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि फी सरकारकडून पालकाच्या अंगावर आली. जागा वाढल्या, गावाजवळ कॉलेजं आली, हे खरंच. पण ज्वारी देऊन फी भरता येत नाही.

मग बारावीची कसून तयारी करून घेणारा लातूर पॅटर्न आला. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांनी मेडिकल-इंजिनिअरिंगची दारं खेड्यातल्या पोरांना उघडली, याचा मला अभिमानच आहे. त्याच्यामागून खाजगी क्लासेस, खोल्या आणि मेस उभ्या राहिल्या. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. बँकेचं शिक्षणकर्ज बारावीनंतरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळतं. लातूर-नांदेडात घराचं कंबरडं मोडतं ते अकरावी-बारावीला, नाहीतर मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेसाठी थांबलेल्या वर्षात. तेव्हा बँक जवळ नसते, आडत आणि सावकार असतात. खरं शिक्षणकर्ज मागायची वेळ येते तोवर घर आधीच कर्जात बुडालेलं असतं.

बँकांची आदर्श शिक्षणकर्ज योजना २००१ ची. चार लाखांपर्यंत तारण नाही, पण आई किंवा बाप सहकर्जदार हवा. दुष्काळात पीककर्ज थकलेला बाप इथेच अडतो. आमच्या घरी हेच झालं. भावाचं प्रवेशपत्र हातात, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा, आणि बँकेतले साहेब म्हणाले, 'आधी बेबाकी आणा', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला. शेवटी दोन एकर गहाण पडली. कर्ज मिळालं तरी हप्ता महिन्याचा आणि घरची कमाई हंगामाची, हा पेच उरतोच. अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. साडेचार लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरांचं त्या काळातलं व्याज केंद्रानं भरायची योजना २००९ ची आहे, पण उत्पन्नाचा दाखला काढून अर्ज केला तरच.

नोव्हेंबर २०२४ मधल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदारही नाही. मात्र ती राष्ट्रीय क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या. मुलींना अधिक थेट आधार मिळाला तो २०२४-२५ पासून. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. खोलीभाडं आणि मेस घराकडेच राहतं.

बचतीचं म्हणाल तर आमच्याकडे बचत व्हायची ती सोन्यात, जनावरात आणि लेकीच्या लग्नासाठी. शिकण्यासाठी पैसा बाजूला काढायची रीत अगदी अलीकडची. २०१५ च्या सुकन्या समृद्धी खात्यानं ती थोडीफार रुजवली. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं खातं, वर्षाला किमान २५० रुपये, पंधरा वर्षं भरणा. मुलगी अठराची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. शेतकऱ्याच्या सोयीची बाब अशी की पैसे दर महिन्याला भरायची सक्ती नाही, वर्षात कधीही चालतात. मुलासाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचंही तसंच, किमान ५०० रुपये. माझी वहिनी पोस्टात जाते ती सोयाबीन विकल्याची पट्टी हातात पडल्यावर, नोव्हेंबरात. आडतीचं देणं भागवायच्या आधी ती पुतणीच्या खात्याची पावती करून घेते.