ओव्हरक्लॉकिंग आणि अंडरव्होल्टिंग: विदर्भातल्या उन्हाळ्यात कोणतं चालतं?

आपल्याकडे लगनसराई आणि उन्हाचा कहर एकाच वेळी येतो. एप्रिल-मेमध्ये तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ साचलेले असतात, कॉम्प्युटर रात्रंदिवस रेंडरला (कापून जोडलेल्या तुकड्यांची पूर्ण फाइल बनवायला) लागलेला असतो आणि त्याच दिवसांत पारा ४५ च्या वर असतो. दुकान बहुतेक वेळा टिनाखाली. याच दिवसांत विचारणा येते, “भाऊ, प्रोसेसर जरा फास्ट करून द्या ना, ओव्हरक्लॉक करून.” दुसरा एखादा मोबाईलवर काही पाहून आलेला असतो. तो म्हणतो, “अंडरव्होल्ट करा, तेच ते.”

तेच ते नाही. पण घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही गोष्टी बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रामच्या) एकाच पानावर असतात, दोन्हींत वेग आणि व्होल्टेज यांचाच मेळ बसवायचा असतो, दोन्हींमुळे बेंचमार्कचा (वेग मोजायच्या टेस्टचा) आकडा वाढू शकतो आणि दोन्ही बिघडल्या तर तीच निळी स्क्रीन येते. रोजच्या कामाच्या मशीनवर, तेही आपल्या भागात, दोन्हींचा परिणाम मात्र अगदी उलटा आहे.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक बहुतेक बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झ असतो. मल्टिप्लायर ४४ असेल तर ४.४ गिगाहर्ट्झ, ४६ केला की ४.६. हे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला चालू-बंद व्हायला वेळ कमी मिळतो, म्हणून त्याला जास्त व्होल्टेजचा जोर द्यावा लागतो. म्हणजे वेगही वर, व्होल्टेजही वर.

अंडरव्होल्टिंगमध्ये मल्टिप्लायरला हात लावायचा नाही. प्रत्येक वेगासाठी किती व्होल्टेज लागेल हे कंपनीने आधीच ठरवून दिलेलं असतं आणि त्यात थोडी शिल्लक ठेवलेली असते, कारण त्याच नावाने विकलेल्या लाखो चिपांमधली सगळ्यांत कमजोर चिपसुद्धा चालली पाहिजे. तुमच्या हातातली चिप त्यापेक्षा बरी असेल तर ही शिल्लक काढून घेता येते. वेग तोच, व्होल्टेज खाली.

मग व्होल्टेज कमी केल्यावर वेग वाढतो असं लोक म्हणतात, ते कसं? इथेच खरी गफलत आहे. २००८ मध्ये इंटेलने नेहालेम पिढीसोबत टर्बो बूस्ट आणलं, तेव्हापासून प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवतो. तापमान आणि वॅटची मर्यादा जिथपर्यंत परवानगी देते तिथपर्यंत तो चढतो. एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स घ्या. मूळ वेग (बेस) ३.७, स्वतःहून चढलेला वेग (बूस्ट) ४.६ गिगाहर्ट्झ आणि सॉकेटची मर्यादा ७६ वॅट. सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) कामाला लागले की तो ७६ वॅटला अडतो. व्होल्टेज थोडं खाली आणलं तर त्याच ७६ वॅटमध्ये जास्त मेगाहर्ट्झ बसतात, म्हणून स्कोअर वाढतो. त्यातून एएमडीने हे काम करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर ठेवलंय प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या मेनूत. मेनूच्या नावात ओव्हरड्राइव्ह, आत काम व्होल्टेज उतरवायचं. माणूस गोंधळणारच.

अजून एक गैरसमज आपल्या भागातला. “लाईनच कमी येऊन राह्यली, त्यात अजून व्होल्टेज काहून कमी करता?” प्रश्न प्रामाणिक आहे, पण ती वीज वेगळी. भिंतीतले २३० व्होल्ट एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्टवर आणतो आणि मदरबोर्डवरचे व्हीआरएम (व्होल्टेज उतरवणारे भाग) त्यातून सव्वा व्होल्टच्या आसपास प्रोसेसरला देतात. आपण बदलतो तो हा शेवटचा सव्वा व्होल्ट. गावात पंप सुरू झाले आणि बल्ब मंद झाला म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज कमी होत नाही. एसएमपीएसला मात्र त्रास होतो, कारण तेवढेच वॅट काढायला त्याला जास्त करंट ओढावा लागतो. हलक्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकचा बोजा टाकू नका, हे मी निक्षून सांगतो.

वॅटचा हिशेब

चिपमधली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सगळं गणित या एका वाक्यात आहे. समजा एक चिप ४.६ गिगाहर्ट्झला १.३५ व्होल्टवर बांधली आणि तीच चिप ४.४ ला १.२० व्होल्टवर ठेवली. वेगात फरक शेकडा ४ चा. विजेत? १.२० भागिले १.३५ चा वर्ग ०.७९, त्याला वेगाच्या प्रमाणाने गुणलं की ०.७६ च्या आत-बाहेर. म्हणजे शेकडा २४ वीज कमी. ६० मिनिटांचा रेंडर ६३ मिनिटांच्या आत होतो आणि पाव हिस्सा उष्णता पैदाच होत नाही.

आता ही उष्णता आपल्या खोलीत आणून बघा. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत. तेवढेच वॅट असतील तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण तेवढेच अंश वर राहतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर आणि ओव्हरक्लॉक केलेली चिप ७८ वर, म्हणजे फरक ५६ चा. सेटिंग करणारा खुश, टेस्ट पास. मे महिन्यात टिनाखालची तीच खोली दुपारी ४२ वर. ४२ आणि ५६ मिळून ९८. ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो. म्हणजे वाढवलेला वेग जेव्हा खरोखर लागतो, नेमका तेव्हाच तो हातात नसतो. व्होल्टेज उतरवलेल्या चिपचा फरक त्याच हिशेबाने ४२ च्या आसपास येतो, म्हणजे मे महिन्यातही ८४. हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा हीच राहते.

यावर कोणी म्हणेल, खोलीत कूलर आहे. आहे, आणि कोरड्या उन्हात तो चांगलं कामही करतो. पण लाईन गेली की कूलर बंद पडतो आणि इन्व्हर्टरवरचा कॉम्प्युटर चालूच राहतो. टिनाखाली खोली तापायला वेळ लागत नाही आणि रेंडर तेव्हा अर्ध्यावर असतो. शिवाय कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेणारे पुष्कळ आहेत. ओलसर हवा आणि कापसाचं बारीक तूस मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. जिनिंगच्या आसपासच्या दुकानातलं मशीन उघडलं की हा थर बोटाने सोलून निघतो. तो काढून नवीन थर्मल पेस्ट लावली की पुष्कळदा काहीच सेटिंग न बदलता मशीन पूर्ववत पळायला लागतं. आधी हे करा, मग बायोसमध्ये शिरा.

बिघाड ओळखण्यात चूक होते

या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं सगळ्यात जास्त इथे उपयोगी पडतं. कमी व्होल्टेजवरचा ओव्हरक्लॉक बहुधा भाराखाली पडतो. रेंडर लावला, दहा मिनिटांनी निळी स्क्रीन. त्यामुळे प्राइम९५ किंवा ओसीसीटीसारख्या टेस्टमध्ये तो लवकर सापडतो. कर्व्ह ऑप्टिमायझरने जास्त उतरवलेली चिप मात्र उलट वागते. सगळे कोअर कामाला असताना ती रात्रभर शांत चालते आणि सकाळी तुम्ही सातबारा काढायला ब्राउझर उघडता तेव्हा अचानक रिस्टार्ट होते. कारण हलक्या कामात एकटाच कोअर सगळ्यात वरच्या वेगावर झेपावतो आणि त्या टोकाला व्होल्टेजची शिल्लक सगळ्यात कमी असते. म्हणून अंडरव्होल्टची परीक्षा नुसती भार देऊन होत नाही. एकेक कोअर आळीपाळीने तपासणारं कोअरसायकलर चालवावं लागतं आणि मशीन काही तास रिकामंही ठेवावं लागतं.

शहरात असं रिस्टार्ट झालं तर माणूस लगेच सेटिंगवर संशय घेतो. आपल्याकडे म्हणतात, लाईन झटका मारून गेली असेल. महिना-महिना हाच समज राहतो आणि तोवर फाइल खराब होत राहतात. खात्री करायची असेल तर विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद लाईन गेल्यावरही येते आणि मशीन कोसळल्यावरही येते, तेवढ्यावरून काही कळत नाही. पण त्याच वेळेच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर १८ किंवा १९ अशी नोंद असेल तर ती हार्डवेअरची चूक आहे. अशा वेळी वायरमनला फोन करण्याआधी बायोसमधलं सेटिंग मागे घ्या.

अंडरव्होल्टची आणखी एक फसवी अवस्था आहे. मशीन पडत नाही, दिसणारा वेगही पूर्ण असतो, पण काम हळू होतं. व्होल्टेज अपुरं पडलं की काही चिपा घड्याळाचे ठोके ताणतात. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष मिळणारा वेग) बघा आणि सिनेबेंच या टेस्टचा स्कोअर आधीच्या स्कोअरशी ताडून पाहा. व्होल्टेज उतरवल्यावर स्कोअरही उतरला असेल तर तुम्ही जास्त खाली गेला आहात. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या, नावात के नसलेल्या चिपांवर काही बोर्डांमध्ये करंट एक्सकर्जन प्रोटेक्शन (व्होल्टेज अपुरं वाटलं की ठोके ताणणारी सुरक्षा) चालू असतं, तिथे असा अनुभव हमखास येतो.

कुणी काय करावं

एकेकाळी ओव्हरक्लॉकिंगची मजा खरी होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५० व्हायचा. २०११ चा आय५-२५००के ३.३ गिगाहर्ट्झचा होता, बऱ्या हीटसिंकवर ४.५ आरामात घ्यायचा. आज कंपनी स्वतःच चिप टोकापर्यंत पळवून विकते. वर उरतं ते शेकडा चार-पाच, आणि त्याची किंमत तापमानात मोजावी लागते. शिवाय रायझनवर सगळे कोअर हाताने ४.५ ला बांधले तर एका कोअरचा ४.६ चा बूस्टही जातो, म्हणजे रोजची हलकी कामं उलट हळू होतात.

जास्त व्होल्टेज चिपला झिजवतं, ही नुसती सांगोवांगी नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे अस्थिर होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, तो बायोस अपडेटमधून येतो) देऊन ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप मात्र त्या अपडेटने सुधारत नाही. तुमच्याकडे यातलं मशीन असेल तर ओव्हरक्लॉक-अंडरव्होल्ट दोन्ही बाजूला ठेवा, आधी बायोस अपडेट करा. आणि तो इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा, अपडेट चालू असताना लाईन गेली तर बोर्ड जायची भीती असते.

ओव्हरक्लॉक करावा असं मी कुणाला म्हणेन? ज्याच्याकडे जुनी के चिप (नावात के असलेली, मल्टिप्लायर मोकळा असलेली) आणि नावात झेड असलेल्या चिपसेटचा बोर्ड आहे, एसएमपीएस भक्कम आहे, खोलीत एसी आहे आणि नवीन मशीन इतक्यात घ्यायचं नाही, त्याला. इंटेलमध्ये के आणि झेड दोन्ही लागतात. एएमडीमध्ये बहुतेक रायझन मोकळे आहेत, बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. एकेक मल्टिप्लायर चढवा आणि टेस्ट दुपारी तीन वाजता घ्या, भर उन्हाळ्यात. थंडीत पास झालेलं सेटिंग मे महिन्यात टिकेल असं धरून चालू नका.

बाकी स्टुडिओ, सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, घरचा अभ्यासाचा कॉम्प्युटर, या सगळ्यांना अंडरव्होल्ट. रायझन असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० द्या. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. आठवडाभर रोजचं काम करा, इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ राहिलं तर १५ वर जा. ३० पर्यंत जाता येतं म्हणून जायचं नाही. एवढीही उठाठेव नको असेल तर बायोसमध्ये इको मोड चालू करा, वॅटची मर्यादाच खाली येते आणि स्थिरतेला काही धोका नाही. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला केंद्राबाहेर रांग असताना मशीन चालू राहणं महत्त्वाचं, शेकडा दोनने कमी-जास्त वेग तिथे कुणाला जाणवत नाही.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. एएमडीच्या अटींत ठरलेल्या मर्यादेबाहेरचं अंडरव्होल्टिंगसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच्याच रांगेत धरलेलं आहे. व्होल्टेज कमी केलं म्हणून वॉरंटी शाबूत, असं समजू नका.

सेटिंग बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. बदलल्यावर स्क्रीनच आली नाही तर घाबरायचं कारण नाही. वीज पूर्ण बंद करा, कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल काढा, पाच-दहा मिनिटं थांबून परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतो. तारीख-वेळही पुसली जाते, ती आधी नीट करा, नाहीतर सरकारी पोर्टल सर्टिफिकेटची चूक दाखवत राहील. सेल पाच-सहा वर्षांचा जुना असेल तर त्याच वेळी नवीन टाका. जुना सेल उतरला की बायोस आपोआप मूळ सेटिंगवर जात राहतो आणि तुम्ही उगाच अंडरव्होल्ट टिकत नाही म्हणून चिपला दोष देत बसाल.